वासाला नाव देणारे यंत्र

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत राहणाऱ्यांना वाऱ्याची दिशा पुष्कळदा नाकाने कळते. वारा औद्योगिक वसाहतीकडून येत असला, तर कधी सडक्या अंड्यांसारखा, कधी रंगाच्या उघड्या डब्यासारखा, तर कधी नाव सांगता येणार नाही असा गोडसर वास घरात शिरतो. खिडक्या लावल्या जातात, तक्रार नोंदवली जाते, पाहणी होते. पाहणीला माणूस येईपर्यंत वास बहुधा विरलेला असतो. मग उरतो तो शब्दांचा वाद. रहिवासी म्हणतात, वास असह्य होता. दुसरी बाजू म्हणते, तसे काही नव्हते. हा वाद मिटवायचा तर दोन प्रश्नांची उत्तरे हवीत. हवेत नेमके काय होते? आणि ते किती होते?

ही दोन्ही उत्तरे देणारी पद्धत १९५२ पासून उपलब्ध आहे. तिला वायू वर्णलेखन म्हणतात. प्रयोगशाळांत काम करणारे तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून नुसते ‘जीसी’ म्हणतात, आणि औषधे, रंग व रसायने बनवणाऱ्या कारखान्यांत ‘जीसीला लावा’ हे वाक्य रोज ऐकू येते. या पद्धतीचा इतिहास म्हणजे एक यंत्र अधिकाधिक कार्यक्षमतेने कसे वापरावे याच्या शोधाचा इतिहास आहे. तो समजला की आपल्या गावच्या हवेबद्दल जे आकडे छापून येतात ते कसे वाचावेत, हेही समजते.

नाकावर किती विसंबावे?

प्रथम नाकाचा विचार करू. सडक्या अंड्यांचा वास ज्याचा असतो तो हायड्रोजन सल्फाइड वायू हवेच्या शंभर कोटी भागांत काही मोजके भाग असला तरी आपल्याला कळतो. येथे नाक उत्तम यंत्राच्या तोडीचे आहे. पण हाच वायू दशलक्षात सुमारे शंभर भाग इतका झाला की घ्राणेंद्रिय बधिर होते आणि वास येईनासा होतो. म्हणजे धोका वाढला की सूचना बंद!

आता बेंझिन घ्या. हा कर्करोगास कारण ठरणारा पदार्थ आहे, याविषयी दुमत नाही. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे बाहेरील हवेत त्याची वार्षिक सरासरी एका घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी. हे प्रमाण शंभर कोटी भागांत सुमारे दीड भाग भरते. नाकाला मात्र बेंझिनचा वास लागतो तो साधारणपणे दशलक्षात एक-दोन भागांपासून पुढे. म्हणजे मर्यादा सुमारे हजारपट ओलांडली जाईपर्यंत नाक गप्प राहू शकते.

तिसरे उदाहरण अधिक दुःखद आहे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या दारूत मिथेनॉल होते. मिथेनॉल आणि साधे अल्कोहोल यांतला फरक पिणाऱ्याच्या नाकाला किंवा जिभेला उमगत नाही. जीसीवर हे दोन पदार्थ काही मिनिटांत वेगळे होऊन दिसतात.

तात्पर्य, वास हा इशारा आहे, पण तो मोजमाप नव्हे. पुष्कळ वास येणारी हवा तुलनेने कमी घातक असू शकते आणि वास नसलेली हवा घातक असू शकते. मोजायचे तर आधी मिश्रणातले घटक सुटे करावे लागतात.

खडू, पाने आणि एक दुर्लक्षित वाक्य

घटक सुटे करण्याची युक्ती वनस्पतिशास्त्रात जन्मली. मिखाईल त्स्वेत हे रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ वॉर्सा येथे काम करीत होते. हिरव्या पानांच्या अर्कात एकच हिरवे द्रव्य आहे की अनेक, हा त्यांचा प्रश्न होता. खडूची बारीक भुकटी काचेच्या नळीत दाबून भरायची, वरून अर्क ओतायचा आणि मग द्रावक सोडत राहायचे, असे त्यांनी केले. द्रावकाबरोबर खाली उतरताना हिरव्या-पिवळ्या रंगांचे वेगवेगळे पट्टे उमटले. १९०३ मध्ये त्यांनी या कामाविषयी व्याख्यान दिले आणि १९०६ मध्ये पद्धतीला ‘क्रोमॅटोग्राफी’, म्हणजे रंगांचे लेखन, असे नाव दिले. त्याचे मराठीत वर्णलेखन झाले. पुढे पद्धत रंगहीन पदार्थांसाठी वापरली जाऊ लागली तरी नाव तेच राहिले. वायू वर्णलेखनात तर डोळ्यांना कोणताच रंग दिसत नाही.

पुढचे मोठे पाऊल इंग्लंडात पडले. लीड्स येथील लोकर उद्योगाच्या संशोधन संस्थेत आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज हे लोकरीतील अमिनो आम्ले वेगळी करण्याच्या खटपटीत होते. १९४१ मध्ये त्यांनी विभाजन वर्णलेखनाची पद्धत मांडली. नळीत भरलेल्या कणांवर एका द्रवाचा पातळ थर स्थिर ठेवायचा आणि त्यावरून दुसरा द्रव वाहू द्यायचा. जो घटक स्थिर थरात अधिक विरघळतो तो मागे रेंगाळतो, जो कमी विरघळतो तो पुढे जातो. या कामासाठी दोघांना १९५२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्या १९४१ च्या निबंधात त्यांनी जाता जाता आणखी एक गोष्ट सुचवली होती: वाहणारा भाग द्रवच असला पाहिजे असे नाही, तो वायूही चालेल. निबंध रसायनशास्त्रज्ञांनी वाचला, पण ही सूचना कोणी उचलली नाही. दहा वर्षे ती छापील पानावर तशीच पडून राहिली. संदर्भ म्हणून वाचलेल्या लेखातील बाजूची वाक्येही विद्यार्थ्यांना का वाचायला लावावीत, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

एक शाळाशिक्षक आणि एक निराश सहकारी

याच सुमारास ऑस्ट्रियात इन्सब्रुक येथे एरिका क्रेमर वायूंच्या मिश्रणाकडे दुसऱ्या वाटेने पाहत होत्या. अ‍ॅसिटिलीन आणि इथिलीन हे एकमेकांसारखे वागणारे वायू. ते घन पदार्थाच्या पृष्ठभागाला कमीअधिक चिकटतात, या फरकावर ते वेगळे करता येतील असे त्यांनी १९४४ मध्ये लिहून पाठवले. पण महायुद्धातील बाँबहल्ल्यांमुळे तो निबंध छापला जाऊ शकला नाही. तो प्रसिद्ध झाला १९७६ मध्ये. युद्धानंतर त्यांच्या हाताखाली फ्रिट्झ प्रायर यांनी या कल्पनेवर यंत्र उभे केले आणि १९४७ मध्ये प्रबंध पूर्ण केला. प्रायर हे पेशाने शाळेत रसायनशास्त्र शिकवणारे शिक्षक होते, ही गोष्ट आमच्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी.

इकडे मार्टिन लंडनजवळ मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत आले होते. त्यांचे तरुण सहकारी अँथनी जेम्स यांचा स्फटिकीकरणाचा एक प्रयोग काही केल्या साधेना, आणि जेम्स निराश झाले. तेव्हा मार्टिन यांनी आपली जुनी, पडून राहिलेली सूचना पुढे केली: आता वायू वापरून पाहू. नळीत सिलिकोनचा लेप दिलेली सूक्ष्म माती भरली, तिच्यातून नायट्रोजन सोडला आणि बाष्पनशील मेदाम्ले एकामागून एक बाहेर पडताना टिपली. बाहेर पडणारे आम्ल मोजण्यासाठी त्यांनी आपोआप चालणारे ब्युरेट बनवले होते. १९५२ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले आणि वायू वर्णलेखनाचा खरा प्रसार तेथून सुरू झाला. १९५५ मध्ये अमेरिकेत पर्किन-एल्मर कंपनीचे तयार यंत्र विक्रीला आले.

मेदाम्लांपासून झालेली ही सुरुवात आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचली आहे. तुपात दुसरी चरबी किंवा तेल मिसळले आहे का, हे पाहण्यासाठी आजही त्यातील मेदाम्लांचे प्रमाण जीसीवरच तपासतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी हापूस आंबा पिकताना त्याच्या वासातले कोणते घटक कधी तयार होतात, हेही याच पद्धतीने शोधले.

फडके रोडवरची गर्दी

यंत्र चालते कसे? डोंबिवलीकरांना परिचित अशा उदाहरणाने सांगू. एक लोकल आली आणि शंभर माणसे एकदम स्टेशनाबाहेर पडून फडके रोडने गणेश मंदिराकडे निघाली. सगळ्यांच्या पायांचा वेग सारखाच आहे. पण काहींना कोठेच थांबायचे नाही, काही फक्त फुले घेतात, काही प्रत्येक दुकानाशी थांबतात. स्टेशनाजवळ एकच घोळका दिसेल. मंदिराशी मात्र तीन घोळके वेगवेगळ्या वेळी पोचतील. मंदिरापाशी घड्याळ घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला पोचण्याच्या वेळेवरून घोळका कोणता ते कळेल, आणि माणसे मोजून तो केवढा तेही कळेल.

यंत्रातला रस्ता म्हणजे स्तंभ, ज्याला सगळे कॉलम म्हणतात. दुकाने म्हणजे स्तंभातील स्थिर थर. पुढे नेणारा जो वायू असतो तो वाहक वायू. घड्याळवाला म्हणजे डिटेक्टर. कागदावर किंवा पडद्यावर जो आलेख उमटतो त्यात प्रत्येक घटकाचे एक शिखर असते. शिखराची वेळ घटकाचे नाव सुचवते. शिखराखालचे क्षेत्रफळ त्याचे प्रमाण सांगते.

अडचण अशी, की एकाच घोळक्यातली माणसेही एकाच क्षणी पोचत नाहीत. घोळका पसरत जातो, आणि फार पसरला तर शेजारच्या घोळक्यात मिसळतो. पसरण्याची कारणे तीन. एक, गर्दीतून वाट काढताना प्रत्येकाची वाट कमीजास्त लांबीची होते. दोन, चाल फार मंद असली तर माणसे इकडेतिकडे पांगतात. तीन, चाल फार वेगवान असली तर दुकानात शिरलेला माणूस बाहेर येईपर्यंत बाकीचे दूर निघून जातात. १९५६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे यान फान डीम्टर, झाउडरवेख आणि क्लिंकेनबर्ग या तिघांनी ही तीन कारणे एका समीकरणात बसवली. त्याचा निष्कर्ष साधा, पण फार उपयोगाचा आहे. वाहक वायूचा एक ठरावीक वेग असा असतो की त्या वेगाला शिखरे सर्वांत अरुंद येतात. त्याहून हळू गेल्यानेही नुकसान आणि घाई केल्यानेही नुकसान.

अ‍ॅमस्टरडॅम ते ठाणे-बेलापूर रस्ता

हे तिघे जेथे काम करीत होते ती प्रयोगशाळा शेल या तेल कंपनीची होती. तेल कंपनीला या विषयात एवढा रस का? कारण खनिज तेलापासून मिळणारे वायू ओळखायचे तर त्यापूर्वी ते अतिशीत तापमानाला द्रवरूप करून उकळबिंदूंनुसार सावकाश वेगळे करावे लागत. त्यात तासचे तास जात. तोवर कारखान्यात हजारो घनमीटर वायू पुढे निघून गेलेला असे. काही मिनिटांत उत्तर देणारे यंत्र मिळणे म्हणजे कारखाना डोळे उघडे ठेवून चालवता येणे.

येथून हा इतिहास आपल्या जिल्ह्यात येतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत. पुढे ठाणे-बेलापूर रस्त्यालगत आणि डोंबिवलीत साठच्या दशकातच औद्योगिक क्षेत्रे उभी राहिली. ठाणे-बेलापूर पट्ट्यात मफतलाल उद्योगसमूह आणि हीच शेल कंपनी यांच्या सहकार्याने नॅशनल ऑर्गॅनिक केमिकल इंडस्ट्रीज, म्हणजे नोसिल, हा प्रकल्प आला. १९६८ मध्ये तेथे नाफ्त्याचे भंजन सुरू झाले. वर्षाला ६०,००० टन इथिलीन बनवण्याची त्याची क्षमता होती. तो भंजन विभाग आता बंद झाला आहे.

नाफ्ता तापवून त्याचे रेणू तोडले की इथिलीन, प्रोपिलीन, ब्युटाडाइन, बेंझिन असे अनेक पदार्थ एकत्र मिळतात, आणि थोडे अ‍ॅसिटिलीनही. हे अ‍ॅसिटिलीन दशलक्षात काही भाग एवढेही शिल्लक राहिले तर पुढे पॉलिथीन बनवताना उत्प्रेरक बिघडतो. म्हणजे अशा कारखान्याला इथिलीनच्या महासागरातले चमचाभर अ‍ॅसिटिलीन मोजता यावेच लागते. क्रेमर यांनी १९४४ मध्ये जी जोडी वेगळी करायचे ठरवले, तीच ही जोडी. नाफ्ता भंजनाचे आधुनिक कारखाने जीसीशिवाय चालत नाहीत. लहान कारखान्यांतही द्रावकाचा टँकर आत घ्यायचा की परत पाठवायचा, याचा निर्णय जीसीच्या आलेखावर होतो. या पट्ट्यातील विज्ञान पदवीधरांच्या कित्येक पिढ्यांची पहिली नोकरी अशाच प्रयोगशाळांत झाली.

म्हणजे पदार्थ कुंपणाच्या आत असताना तो नेमका किती आहे हे मोजण्याची विद्या या जिल्ह्यात रुळून अनेक दशके झाली. कुंपणाबाहेरच्या हवेसाठी तीच विद्या कधी आली, ते पुढे पाहू.

पोकळ नळी आणि तिखट डिटेक्टर

फान डीम्टर यांच्या समीकरणातले पहिले कारण, म्हणजे वाटांची कमीजास्त लांबी, ते पूर्ण काढूनच टाकता आले तर? मार्सेल गोले या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या अभियंत्याने १९५७-५८ मध्ये तसे केले. त्यांनी नळीत काही भरलेच नाही. केसासारखी बारीक नळी घेऊन तिच्या आतल्या भिंतीला फक्त लेप दिला. रस्ता मोकळा झाल्यामुळे नळी कितीही लांब करता येऊ लागली. आज सर्रास वापरला जाणारा स्तंभ ३० मीटर लांब आणि आतून पाव मिलिमीटर व्यासाचा असतो. तो गुंडाळून भट्टीत ठेवतात. १९७९ मध्ये वितळलेल्या शुद्ध सिलिकाच्या लवचीक नळ्या आल्या आणि काच तुटण्याची भीतीही गेली. जुन्या भरलेल्या स्तंभावर एक दिसणारे शिखर नव्यावर पुष्कळदा तीन-चार शिखरांचे निघते.

डिटेक्टरांतही अशीच क्रांती झाली. १९५८ च्या सुमारास ज्योत-आयनीकरण डिटेक्टर आला. हायड्रोजनच्या लहानशा ज्योतीत कार्बनी पदार्थ जळला की विद्युत्‌भारित कण तयार होतात आणि त्यांचा अतिसूक्ष्म प्रवाह मोजता येतो. त्याच काळात मिल हिलचेच जेम्स लव्हलॉक यांनी इलेक्ट्रॉन पकडणाऱ्या रेणूंना टिपणारा डिटेक्टर बनवला. क्लोरीनयुक्त पदार्थांच्या बाबतीत तो विलक्षण तिखट ठरला. डीडीटीसारख्या कीटकनाशकांचे अंश अन्नात आणि प्राण्यांच्या शरीरात कोठवर पोचले आहेत, हे त्यामुळे दिसू लागले.

१९७१-७२ मध्ये लव्हलॉक हे यंत्र बोटीवर घेऊन इंग्लंडहून अंटार्क्टिकाकडे गेले. शीतकपाटांत आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरला जाणारा क्लोरोफ्लुओरोकार्बन त्यांना सगळ्या महासागरावरच्या हवेत सापडला, तोही एक लाख कोटी भागांत काही दहा भाग एवढ्या प्रमाणात. या नोंदीवरून पुढे जाऊन १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड यांनी ओझोन थराला असलेला धोका दाखवला आणि १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला. डब्यातून सुटलेला वायू गेला कोठे, हे मोजता आले म्हणून जगाला निर्णय घेता आला.

वाहक वायूची निवड

कार्यक्षमतेचा आणखी एक धडा वाहक वायू देतो. नायट्रोजन स्वस्त आहे, पण त्याला हळूच चालवावे लागते. वेग वाढवला की शिखरे रुंदावतात. हायड्रोजन आणि हेलियम हे हलके वायू जास्त वेगातही शिखरे अरुंद ठेवतात. त्यामुळे तेच काम निम्म्याहून कमी वेळात होते. हेलियम सुरक्षित आहे, पण तो बाहेरून आयात करावा लागतो, महाग आहे, आणि गेल्या दोन दशकांत त्याची जगभर वारंवार टंचाई झाली आहे. म्हणून अनेक प्रयोगशाळा पाण्याच्या विद्युत्‌अपघटनातून हायड्रोजन तयार करणारी उपकरणे वापरू लागल्या आहेत. गळती टिपणारी व्यवस्था मात्र त्याबरोबर हवीच.

हेलियमचे नाव निघाले की विद्यार्थी विजयदुर्गाबद्दल विचारतात. हेलियमची पिवळी रेषा १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी भारतात पाहिली गेली हे खरे; जान्सेन त्यावेळी गुंटूरला होते. लॉकियर यांनी त्याच वर्षी इंग्लंडातून ती रेषा अभ्यासली. विजयदुर्गला ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर, १८९५ मध्ये, रॅम्से यांनी हेलियम पृथ्वीवरच्या खनिजातून वेगळाही केला होता.

चूक यंत्रात नसते तेव्हा

आता आपल्या हवेकडे येऊ. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्ये स्थापन झाले. हवेच्या प्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९८१ चा. १९९४ च्या हवेच्या मानकांत बेंझिनचे नाव नव्हते. १८ नोव्हेंबर २००९ च्या अधिसूचनेत मोजायच्या घटकांची संख्या १२ झाली आणि त्यांत बेंझिन आले. ते मोजण्याची पद्धत म्हणून वायू वर्णलेखनाचेच नाव त्या अधिसूचनेत आहे. जेम्स आणि मार्टिन यांच्या निबंधानंतर ५७ वर्षांनी आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर बेंझिन तयार होऊ लागल्यानंतर ४१ वर्षांनी, रस्त्यावरच्या माणसाच्या श्वासातील बेंझिनला कायद्याने मोजपट्टी मिळाली. त्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्वंकष निर्देशांकात डोंबिवलीला १०० पैकी ७८.४१ गुण मिळाले. ७० च्या वर गुण म्हणजे अतिगंभीर अवस्था.

यंत्र सिद्ध, पद्धत सिद्ध, कायदाही झाला. मग अडते कोठे? बहुतेक वेळा नमुन्यात. मर्यादेइतके बेंझिन असलेल्या एका मिलिलिटर हवेत फक्त ५ पिकोग्रॅम बेंझिन असते. ते थेट यंत्रात सोडून उपयोग नाही. म्हणून कोळशाची किंवा तशाच शोषक पदार्थाची लहान नळी घेऊन तिच्यातून पंपाने हवा ओढतात. मिनिटाला ५० मिलिलिटर या वेगाने २४ तासांत ७२ लिटर हवा जाते आणि नळीत सुमारे ०.३६ मायक्रोग्रॅम बेंझिन साठते. एवढे आजच्या डिटेक्टरला पुरेसे आहे. पण पंपाचा वेग २० टक्क्यांनी चुकला तर उत्तर २० टक्क्यांनी चुकले. नळी नीट बंद न करता वाहनातून नेली तर पेट्रोलच्या वाफाही तिच्यात बसल्या. पुढे लाखो रुपयांचे यंत्र ही चूक तितक्याच अचूकपणे मोजून देते.

म्हणून जाणते रसायनतज्ज्ञ काही गोष्टी कधी चुकवत नाहीत. हवा न ओढलेली एक कोरी नळी बाकीच्या नळ्यांबरोबर नेऊन तपासतात. माहीत असलेल्या प्रमाणाचे मिश्रण दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी चालवतात. एकच वेळ असलेली दोन शिखरे एकाच पदार्थाची असतील असे धरत नाहीत; दुसऱ्या प्रकारच्या स्तंभावर किंवा वस्तुमान वर्णपटमापकावर खात्री करतात. भट्टीचे तापमान क्रमाक्रमाने वाढवून हलके आणि जड घटक एकाच फेरीत उरकतात. सारख्या प्रकारचे नमुने एकत्र करून ओळीने चालवतात. कार्यक्षमता म्हणजे घाई नव्हे. पुन्हा मोजावे लागणार नाही असे पहिल्यांदाच मोजणे म्हणजे कार्यक्षमता.

जीसीच्या मर्यादाही माहीत हव्यात. जे पदार्थ न बिघडता वाफ होतात तेच यात चालतात. डोंबिवलीत जानेवारी २०१४ मध्ये हिरवट पाऊस पडल्याच्या आणि फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. रंगद्रव्ये सहसा वाफ होत नाहीत. तेथे दुसऱ्या पद्धती लागतात. हायड्रोजन सल्फाइडला ज्योतीचा नेहमीचा डिटेक्टर जवळजवळ प्रतिसादच देत नाही; त्याला गंधकासाठी बनवलेला वेगळा डिटेक्टर हवा. तेव्हा ‘जीसीत काही आढळले नाही’ या वाक्याचा अर्थ ‘काही नव्हते’ असा लगेच करू नये. काय शोधले होते, हे आधी विचारावे.

आणि वेळेचा प्रश्न तर सर्वांत मोठा. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरला वालधुनीच्या पात्रात टँकरमधून रसायन सोडले गेले आणि पसरलेल्या वायूमुळे शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. असा वायू काही तासांत वाहून जातो. मानकानुसार वार्षिक सरासरीसाठी आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी २४ तास, अशी वर्षात किमान १०४ मोजमापे पुरतात. १०४ दिवस म्हणजे २,४९६ तास. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे सत्तर टक्क्यांहून अधिक तास या किमान मोजणीबाहेर राहतात. शुक्रवारी साप्ताहिक सुट्टी असलेल्या वसाहतीत दर शुक्रवारी नमुना घेतला तर सरासरी कशी निघेल, हे सांगायला नकोच. सतत मोजणारी स्वयंचलित केंद्रे हा यावरचा उपाय आहे आणि ती वाढत आहेत. पण त्यांच्या आकड्यांतही सरासरी पाहायची की एखाद्या रात्रीचे शिखर पाहायचे, हा प्रश्न राहतोच. वार्षिक सरासरी मर्यादेत असणे आणि मंगळवारी रात्री दोन वाजता लोकांचे डोळे चुरचुरणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. दोघांनाही खोटे ठरवण्याचे कारण नाही.

वर्गात काय करता येईल

जीसी शाळेत नसते, पण त्यामागचे तत्त्व फळ्याच्या खडूनेही दाखवता येते. पांढऱ्या खडूच्या टोकापासून दोन सेंटिमीटरवर काळ्या स्केचपेनची रेघ ओढावी आणि खडू थोड्या पाण्यात उभा करावा. काही मिनिटांत काळ्या शाईचे निळे, तांबडे, पिवळे पट्टे चढू लागतात. त्स्वेत यांच्या नळीतही खडूच होता. मग तोच प्रयोग पाणी आणि थोडे स्पिरिट यांच्या मिश्रणात करून पट्ट्यांमधले अंतर बदलते का ते मुलांना मोजायला सांगावे. फान डीम्टर यांनी मोठ्या गणिताने केले ते हेच: एक गोष्ट बदलायची आणि वेगळेपणा किती सुधारतो ते मोजायचे.

वरच्या वर्गांना एक गणित द्यावे. वर्गखोली १० मीटर लांब, ६ मीटर रुंद, ३ मीटर उंच आहे; म्हणजे १८० घनमीटर हवा. मर्यादेप्रमाणे तीत ९०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.९ मिलिग्रॅम बेंझिन असू शकते. बेंझिनच्या एका थेंबाचे वजन सुमारे ४४ मिलिग्रॅम. म्हणजे एक थेंब जवळजवळ ४९ वर्गखोल्यांची मर्यादा भरून काढतो. हे गणित कागदावरच करावे, बेंझिन वर्गात आणू नये.

त्याबरोबर आठवडाभर वासाची नोंदवही ठेवायला सांगावे: दिवस, वेळ, वाऱ्याची दिशा, वासाचे साध्या शब्दांत वर्णन, किती वेळ टिकला. ही नोंद मोजमाप ठरणार नाही, पण पंप केव्हा आणि कोठे लावावा हे तीच सांगू शकते. असा तक्ता घेऊन नागरिक प्रदूषण मंडळाकडे गेले, तर त्यांना ‘वास येतो’ याच्या पुढे जाऊन ‘या दिशेला, या वेळी नमुना घ्या आणि अमुक पदार्थ शोधा’ असे म्हणता येईल. कारखान्याच्या प्रयोगशाळेत द्रावकाच्या टँकरबाबत जी काटेकोर मागणी रोज केली जाते, तीच मागणी आपल्या श्वासाबाबत करायला आपल्या विद्यार्थ्यांनी शिकले पाहिजे.